पाण्यात शेण-लेंडी उतरते का? तपासताना या चुका टाळा

कोरड्या दिवशी एकच नमुना घ्यायचा, अहवालात ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू) शून्य दिसला की 'पाणी पिण्यायोग्य' असा शेरा मारून मोकळं व्हायचं. ही चूक बघून आता खरंच वीट आलाय. शेण उतारावर पडतं, तिथेच साचतं आणि पहिल्या जोराच्या सरीबरोबर वाहत येतं. त्याआधी पाणी तपासून काय सापडणार?

एका उथळ विहिरीचे असेच अहवाल नव्या मंडळींनी माझ्यापुढे ठेवले. सगळे शून्य, आणि सगळे नमुने उन्हातले. जागेवर जाऊन पाहिलं तर वरच्या अंगाला गुरांची पाणी प्यायची जागा, चिखलात खुरांचे खड्डे, आणि विहिरीच्या ओट्याला बोट जाईल एवढी भेग. भेगेच्या कडेने हिरवट ओघळ वाळलेला. तरी वाद घालत होते, "पण रिपोर्ट चांगला आहे ना!" जोराचा पाऊस झाल्यावर पुन्हा नमुना घ्यायला लावला. प्रयोगशाळेतल्या पेट्री डिशवर (जिवाणू वाढवायच्या बशीवर) जिवाणूंच्या वसाहती इतक्या की मोजता येईनात.

कॅनडातल्या वॉकर्टनला मे २००० मध्ये याची फार मोठी किंमत मोजावी लागली. मुसळधार पावसात जवळच्या शेतातलं गुरांचं खत गावाच्या एका उथळ विहिरीत उतरलं, क्लोरीन पुरेसा नव्हता. दोन हजारांवर लोक आजारी पडले, ७ जण दगावले. म्हणून माझी सवय अशी: बाटलीचं झाकण उघडण्याआधी स्रोताभोवती चक्कर मारायची, वरच्या बाजूला जास्त लांबपर्यंत. नमुने कोरड्या दिवसांत एकदा आणि मोठ्या पावसानंतर एकदा तरी. ज्यांना चालायचा कंटाळा आहे त्यांनी हे काम घेऊच नये.

दुसरं लाडकं वाक्य: "जनावरांचंच आहे हो, माणसाचं नाही." नोरोव्हायरससारखे माणसाचे विषाणू गुरांच्या शेणात सहसा नसतात, एवढं खरं. पण कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, ई. कोलाय ओ१५७ हे आजार देणारे जिवाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी यांचं काय? लहान वासरांच्या शेणात क्रिप्टोस्पोरिडियम भरमसाट असू शकतो, आणि पाणी शुद्ध करायला वापरतो त्या मात्रेच्या क्लोरीनला तो जुमानत नाही. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ई. कोलाय शून्य आला म्हणजे हा परजीवीही गेला, असं समजू नका.

विष्ठा कोणाची हे ओळखायला काही जण अजून जुनं गुणोत्तर काढतात. मलजन्य कोलिफॉर्मच्या संख्येला मलजन्य स्ट्रेप्टोकोकायच्या संख्येने भागायचं, दोन्ही विष्ठेतले जिवाणूगट. ४ च्या वर आलं तर माणूस, ०.७ च्या खाली जनावर. सोडा ते. दोन्ही जिवाणू पाण्यात वेगवेगळ्या वेगाने मरतात, त्यामुळे विष्ठा शिळी झाली की गुणोत्तर काहीही सांगतं. खरंच जाणून घ्यायचं असेल तर बॅक्टेरॉइडिस या आतड्यातल्या जिवाणूंच्या जनुकीय खुणा तपासून घ्या. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात. तेवढी ऐपत नसेल तर डोळे उघडे ठेवून गोठे, चराई आणि संडास नकाशावर मांडा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

अहवालातला 'एकूण कोलिफॉर्म' हा जिवाणूंचा आकडा म्हणजे मलप्रदूषण नव्हे. त्यातले बरेच माती आणि पालापाचोळ्यातूनही येतात.

शीतपेयाची बाटली विसळून नमुना आणू नका. निर्जंतुक बाटलीच हवी, आणि झाकण जमिनीवर ठेवायचं नाही, हातातच धरायचं, तोंड खाली करून.

क्लोरीनयुक्त पाण्यासाठी बाटलीत सोडियम थायोसल्फेट लागतं. नाहीतर वाटेतच क्लोरीन जिवाणू मारतो आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. ही बाटली आधी विसळायची नाही, थायोसल्फेट निघून जातं.

नमुना बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. २४ तास ही शेवटची मर्यादा, सोय नव्हे.

पाऊस पडून पाणी गढूळ झालं असेल तर अहवालाची वाट बघत बसू नका. लोकांना लगेच सांगा, खळखळून उकळी येऊ द्या आणि मगच प्या. उकळल्यावर क्रिप्टोस्पोरिडियमही मरतो.