रोममध्ये मुक्काम आहे? जेवणाच्या या चुका टाळा

रोममध्ये बेचव आणि महाग जेवण पदरात पडतं, त्यामागे बहुतेक वेळा एकच चूक असते. आपण भूक लागल्यावर जागा शोधायला लागतो. कोलोसियम पाहून पाय भरून आलेले असतात, दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, मुलं कुरकुरत असतात आणि समोर फोटोंचं मेन्यूकार्ड हातात धरून एक जण अगत्याने बोलावत असतो. अशा वेळी कोणीही तिथेच बसेल. म्हणून आज कुठल्या भागात फिरणार, तिथे कुठे आणि किती वाजता जेवणार, हे सकाळी बाहेर पडतानाच ठरवा.

अवेळी जेवायला जाणं

चांगल्या त्रात्तोरियाची, म्हणजे साध्या घरगुती खानावळीची, चूल दुपारी साधारण साडेबारा ते अडीच-तीन आणि रात्री साडेसातनंतर पेटते. संध्याकाळी सहाला पोटभर जेवण मागितलं, तर बहुधा पर्यटकांसाठी दिवसभर उघड्या असलेल्या जागाच मिळतात. मधल्या वेळेत भूक लागली तर ‘पित्झा अल ताल्यो’चं दुकान गाठा. मोठ्या आयताकृती ताटांत भाजलेला हा पित्झा हवा तेवढा कापून वजनावर विकतात. पाटीवरचा भाव बऱ्याचदा ‘एत्तो’चा, म्हणजे १०० ग्रॅमचा असतो, तो किलोचा समजू नका. केवढा तुकडा हवा ते हातानेच दाखवा. व्हॅटिकनची संग्रहालयं पाहून झाली की चिप्रो मेट्रो स्टेशनजवळचं गाब्रिएले बोन्ची यांचं ‘पित्झारियुम’ चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथे बटाट्याचे, भाज्यांचे इतके प्रकार असतात की शाकाहारी माणसालाही निवडताना वेळ लागतो.

रविवारी रात्री किंवा सोमवारी अनेक घरगुती जागांना सुट्टी असते. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या इटलीतल्या सणाच्या सुट्टीच्या आसपास तर कित्येक मालक एक-दोन आठवडे कुलूप लावून गावाला जातात. ऑगस्टमध्ये जात असाल तर आधी फोन करून विचारा.

‘मांस नको’ एवढंच सांगून थांबणं

शाकाहारी मंडळींची सगळ्यात जास्त फसगत इथे होते आणि ती सहज टाळता येते. रोमच्या प्रसिद्ध चार पास्त्यांपैकी कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रिचा या तिघांत ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. अमात्रिचाना टोमॅटोमुळे लालभडक दिसतो, म्हणून निर्धास्त मागवला जातो. चौथ्या काचो ए पेपेत फक्त चीज आणि मिरी, पण ते पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, घालून बनवतात. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी आराब्यात्ता मागवावा: टोमॅटो, लसूण, सुकी मिरची. वर चीज नको असेल तर ‘सेंत्सा पेकोरिनो’ म्हणा. आपल्या जिभेला हा पास्ता पहिल्या घासाला पटतो.

भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत मोझ्झारेल्लासोबत अँचोव्ही मासा भरलेला असतो. भाताच्या तळलेल्या सुप्लीत पारंपरिक पद्धतीने खिम्याचा रस्सा असतो. सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. म्हणून ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’ (मांस नको, मासे नकोत) एवढ्यावर थांबू नका. ग्वांचाले, प्रोश्युत्तो (डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस) आणि अलीची, म्हणजे अँचोव्ही, यांची नावं घेऊन विचारा.

आणि भाज्या मेन्यूतल्या ‘कोंतोर्नो’ या सदरात शोधा. तिथे ‘चिकोरिया रिपास्साता’ असेल तर सोडू नका. लसूण-मिरचीवर परतलेली ही कडसर पालेभाजी घरच्या भाजीची आठवण करून देते.

फक्त मोठ्या चौकांतच फिरणं

नावोना चौकात बसून कॉफी प्या, हरकत नाही. जेवायला मात्र दुसरी वस्ती गाठा. तेस्ताच्यो या भागात १९७५ पर्यंत शहराचा कत्तलखाना होता. कामगारांच्या वाट्याला शेपूट, वजडी असं उरलेलं यायचं, त्यातूनच इथलं नामांकित जेवण घडलं. मांसाहार करत असाल तर बैलाच्या शेपटीची ‘कोदा आल्ला वाच्चिनारा’ इथेच खा.

शाकाहारी असाल तर माझी पहिली पसंती जुन्या ज्यू वस्तीला, पोर्तिको द’ओत्ताव्हिया रस्त्याला. कोशर, म्हणजे ज्यू धर्मातल्या आहाराच्या, नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे तिथली जी कोशर रेस्टॉरंट दुधाच्या पदार्थांची असतात त्यांच्या स्वयंपाकघरात मांस येतच नाही. मासे मात्र असू शकतात, तेवढं विचारा. कुरकुरीत तळलेलं अख्खं आर्टिचोक (भाजी म्हणून खातात ती एका झाडाची फुलाची कळी), ‘कार्चोफी आल्ला जुदिया’, हे या वस्तीचं वैभव. त्याचा खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. कोशर जागा शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत बहुधा बंद असतात.

बिल आल्यावर दचकणं

रोम ज्या लात्सिओ प्रांतात येतं तिथे ‘कोपेर्तो’ हे टेबलावर बसण्याचं शुल्क लावायला २००६ च्या कायद्याने मनाई आहे. पावाचे पैसे लावू शकतात, पण पाव नको असेल तर परत करता येतो. माशापुढे ‘एत्तो’चा भाव लिहिला असेल तर शिजवण्याआधी वजन आणि एकूण किंमत विचारा, मोठी बिलं तिथेच होतात. कॉफी काउंटरवर उभ्याने स्वस्त, टेबलावर महाग. पाण्यासाठी बाटल्या विकत घेत फिरू नका. रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ आहेत, १८७४ पासूनचे. पाणी गार आणि पिण्याजोगं असतं.

मुक्कामी स्वयंपाकघर असून न वापरणं

आठवडाभर राहणार असाल आणि सोबत आजी-आजोबा असतील, तर रोज बाहेरचं सोसत नाही. तेर्मिनी स्टेशनजवळच्या एस्क्विलिनो बाजारात भारतीय आणि बांगलादेशी दुकानदारांकडे तांदूळ, डाळी, मसाले, कोथिंबीर, भेंडी मिळते. रविवार सोडून सकाळी जा, दुपारनंतर गाळे आवरायला लागतात. एका वेळी वरण-भात घरी केला की दुसऱ्या वेळी बाहेर चांगल्या ठिकाणी मनासारखा खर्च करता येतो.