सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’, अकरानंतर इन्व्हर्टर आपोआप चालू: माझा अनुभव

देवगड तालुक्यातली आमची वाडी. नळयोजनेच्या पंपासाठी वर्गणी काढून सोलर बसवलं: दोन स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळा), प्रत्येकी १० पॅनेल. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दव पडलं की सकाळी इन्व्हर्टर ‘आयसोलेशन फॉल्ट’ (वीज कुठेतरी जमिनीत गळतेय) दाखवून बंद, ऊन तापलं की चालू. रीस्टार्ट केलं, पॅनेल धुतली, अर्थिंगला मीठ-कोळसा घातला. वर्गणीदारांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

शेवटी फॉल्ट असतानाच, सकाळी आठला वायरमनला बोलावलं. (पॅनेलची वीज, म्हणजे डीसी, जीव घेते, हौसेनं हात लावू नका.) आधी इन्व्हर्टरनंतरच्या एसीचा, मग डीसीचा आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) बंद. एकेक स्ट्रिंग सुटी करून मीटर लावला. प्लस-मायनस ३८० व्होल्ट, म्हणजे पॅनेलमागे ३८. चांगल्या स्ट्रिंगचा मायनस आणि अर्थिंगमधला आकडा घसरत शून्याकडे गेला. दुसरीचा २२८ वर थांबला, म्हणजे गळती हिच्यातच. २२८ भागिले ३८, सहा. म्हणजे गळती मायनसकडून सहाव्या-सातव्या पॅनेलच्या मध्ये.

तिथला कनेक्टर पत्र्यावर लोळत होता. दोन अर्धे दोन कंपन्यांचे, आतली पिन हिरवी, कळकलेली. दोन्ही कापून एकाच कंपनीचे नवे एमसी-४ (सोलर वायरचे कनेक्टर) क्रिंप केले, म्हणजे पकडीनं दाबून बसवले, पत्र्यापासून वर बांधले, वायरला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. आकडा शून्याकडे गेल्यावर डीसी, मग एसी चालू.