मिक्सरवर आपला माणूस बसवा

भंडारा-गोंदियाकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. रात्री दंडार (इकडचं लोकनाट्य), नाटक नाहीतर गाण्याचा कार्यक्रम ठरलेला. आमचा सात जणांचा ग्रुप अशा मंडईत गातो. एकदा साकोलीकडच्या गावात मध्यंतराला एक आजोबा स्टेजपाशी येऊन म्हणाले, "बाबू, बाजा मस्त वाजून रायला, पण गानं काई समजून नाई रायलं." स्टेजवर आम्हाला तर सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. त्या रात्रीपासून आमच्यातला एक जण खाली, मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बसतो.

माणूस निवडताना यंत्राची माहिती नंतर बघा, आधी गाणी पाठ आहेत का ते बघा. आम्ही झांज वाजवणाऱ्या पोराला बसवलं. बटणं तो हळूहळू शिकला, पण अंतरा कुठे सुरू होतो, हार्मोनियमचा तुकडा कुठे येतो, हे त्याला आधीपासूनच ठाऊक होतं. तो प्रत्येक तालमीला हजर हवा, आणि मानधनात त्याचा वाटा इतरांएवढाच.

साऊंडवाले भाऊ मिक्सर बहुतेक स्टेजच्या बाजूला, कनातीआड लावतात. तिथून लोकांना काय ऐकू येतं ते कळतच नाही. मिक्सर लोकांमध्ये, दोन्ही स्पीकरच्या मधोमध, स्टेजपासून 15-20 मीटरवर हवा. त्यासाठी 30 मीटरची मल्टिकोर केबल (सगळ्या माइकच्या तारा एकत्र नेणारी जाड केबल) लागते, म्हणून आठवडाभर आधी फोन करून सांगा. मिक्सर त्यांचा आहे, तेव्हा हात लावण्याआधी विचारा. विश्वासात घेतलं की हेच भाऊ सगळ्यात जास्त मदत करतात.

कार्यक्रमाच्या दोन तास आधी पोहोचा. सगळ्यात आधी जनरेटरचं अर्थिंग तपासून घ्या. माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या, तर तिथेच थांबा. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका; त्यात जीव जाऊ शकतो.

मग एकेक माइक घ्या. गायकाला सगळ्यात वरच्या पट्टीतली ओळ पूर्ण जोरात म्हणायला लावा आणि मिक्सरवरचा लाल दिवा लागणार नाही इतकाच गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते बटण) ठेवा. गाण्याच्या माइकवर 80-100 हर्ट्झच्या खालचा आवाज कापा, म्हणजे वाऱ्याची नि पायांची धडधड जाते. शब्द कळत नसतील तर गायकाचा आवाज लगेच वाढवू नका. आधी कीबोर्ड नि ऑक्टोपॅड खाली आणा. आमचं दुखणं नेमकं तिथेच होतं.

शिट्टी वाजते ती माइक स्पीकरचाच आवाज पुन्हा पकडतो म्हणून. गाण्याचे माइक बहुतेक कार्डिऑइड असतात, त्यांना पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर, त्या पाठीच्या दिशेला ठेवा. माइकची जाळी मुठीत धरली की हा फायदा जातो, हे गायकाला बजावून सांगा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारा आवाज साधारण 3 डेसिबलने घटतो, म्हणून जो गात नाही त्याचा माइक बंद.

रिकाम्या मैदानात जमवलेला आवाज गर्दी बसली की बदलतो, कारण माणसं तीक्ष्ण आवाज शोषून घेतात. पहिल्या गाण्यात पोराने एकदा मागच्या रांगेपर्यंत चालत जाऊन ऐकावं, तेवढा वेळ साऊंडवाले भाऊ मिक्सरवर थांबतील. तिथे बसलेल्या बायांना शब्द कळले पाहिजेत.

त्याच्यापुढे गाण्यांची यादी ठेवा: सुरुवात कोणाची, तुकडा कोणाचा, निवेदन कुठे. स्टेजवरून ओरडून सांगायचं नाही. आमच्या खुणा तीनच आहेत. कानाला बोट म्हणजे मॉनिटर वाढव, तळवा खाली म्हणजे कमी कर, छातीवर हात म्हणजे सगळं ठीक.

आवराआवरी सुरू होण्याआधी मिक्सरचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. पुढच्या गावात तोच संच मिळाला, तर जुळवाजुळव तिथूनच सुरू होते.