सहलीहून बसने परतताना

दोन-तीन दिवसांच्या सहलीची आखणी करताना आपण जाण्याचा विचार बारकाईने करतो आणि परतीचा प्रवास मिळेल त्या गाडीवर सोडून देतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. जाताना अंगात उत्साह असतो, गाडीला दोन तास उशीर झाला तरी फारसे बिघडत नाही. परतताना मात्र शरीर थकलेले असते, सामान वाढलेले असते आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे असते. त्यातच सुट्टी संपते त्या संध्याकाळी सगळेच एकदम निघतात, गाड्या भरतात आणि रस्तेही तुंबतात. म्हणून परतीचे तिकीट आधी काढावे आणि सहलीचा शेवटचा दिवस त्या वेळेला धरून ठरवावा.

गाडी निवडताना ती किती वाजता सुटते यापेक्षा किती वाजता पोहोचवते, हे पाहावे. उतरल्यावर घरापर्यंत जायला वाहन मिळेल अशीच वेळ असावी. दिवसातली शेवटची गाडी शक्यतो घेऊ नये, कारण ती चुकली किंवा रद्द झाली तर हाती काहीच उरत नाही. रात्रीचा प्रवास सोयीचा वाटतो, पण साधारण पहाटे 2 ते 5 या वेळेत माणसाला झोप आवरणे सर्वांत कठीण जाते आणि ते चालकालाही लागू आहे. दिवसाची गाडी मिळत असेल तर मी तीच पसंत करेन. रात्रीचीच घ्यावी लागली, तर लांबच्या पल्ल्यासाठी दोन चालक आहेत का, हे आरक्षण करतानाच विचारावे. असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

आसन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागातले घ्यावे. मागच्या चाकांवर आणि त्याहून मागे धक्के जास्त बसतात. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी तर ही निवड फार महत्त्वाची आहे. गाडी हलते आहे हे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जाणवत असते, पण पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांना समोरचे सारे स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. त्यामुळे वाचन बंद ठेवावे, डोके आसनाला टेकवावे आणि नजर दूरवर ठेवावी किंवा डोळे मिटून घ्यावेत. निघण्यापूर्वी पोट रिकामे नसावे आणि तुडुंब भरलेलेही नसावे. यावरच्या गोळ्या बहुधा निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्याव्या लागतात; उलट्या सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांतल्या अनेकांनी झोप येते, म्हणून उतरल्यावर स्वतः वाहन चालवायचे असेल तर डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

मोठी बॅग डिकीत जाईल. ओळखपत्र, पैसे, औषधे, पाणी, एक उबदार कपडा आणि पॉवर बँक मात्र स्वतःजवळ ठेवावी. पॉवर बँकेतली लिथियम बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते आणि डिकीतला धूर लवकर कोणाच्या लक्षात येत नाही.

जागेवर बसल्यावर पट्टा लावावा आणि संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा वा खिडकी कुठे आहे, काच फोडण्याचा हातोडा कुठे आहे, हे एकदा नजरेखालून घालावे. कडक काच मध्यापेक्षा कोपऱ्याजवळ लवकर फुटते.

स्वच्छतागृहाची पंचाईत होईल या भीतीने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, पाणीच पीत नाहीत. ती अडचण खरी आहे, पण उपाय योग्य नाही. गाडी कुठे आणि किती वेळ थांबणार हे वाहकाला आधीच विचारावे आणि थोडे थोडे पाणी पीत राहावे. 4 तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. धोका एरवी अगदी कमी असला, तरी प्रत्येक थांब्यावर उतरून चार पावले चालावे आणि बसल्या जागी घोटे हलवत राहावेत. उतरण्यापूर्वी गाडीच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, कारण थांब्यावर एकसारख्या दिसणाऱ्या अनेक गाड्या उभ्या असतात.

आपला थांबा येण्यापूर्वी पंधरा मिनिटांचा गजर लावावा. उतरताना आसनाखाली आणि वरच्या फळीवर हात फिरवून पाहावा, डिकीत सामान असल्याचे वाहकाला सांगावे आणि बॅग हातात पडल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देऊ नये.