युरोचे दर शीटमध्ये ओतण्याआधी

युरोपियन सेंट्रल बँकेच्या संकेतस्थळावर ४ जानेवारी १९९९ पासूनचे युरोचे दर एकाच झिप फाइलमध्ये मिळतात. ती उतरवण्याआधी दर कशासाठी हवेत ते ठरवा. युरोतल्या बिलांचा अंदाज किंवा आलेख यांसाठी फाइल छान आहे. कस्टमच्या कागदांवर मात्र सीबीआयसीने, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने, जाहीर केलेलाच दर लागतो.

झिपमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढा आणि तिची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. डबल क्लिकचा मोह आवरा. एक्सेलच्या ‘डेटा’मधून फाइल आत घ्या, विभाजक स्वल्पविराम, तारीख वर्ष-महिना-दिवस. जर्मनीतल्या मंडळींनी इथे जास्त जपावं, कारण जर्मन एक्सेल दशांशासाठी स्वल्पविराम वापरतं. डॉलरचा १.१२ हा दर तिथे चक्क १ डिसेंबर होऊन बसतो!

सगळे दर एका युरोमागचे आहेत. डॉलरचा रुपयातला भाव हवा असेल तर रुपयाच्या रकान्याला डॉलरच्या रकान्याने भागा. रुपया या यादीत २००९ साली आला. त्याआधी एन/ए, म्हणजे ‘दर उपलब्ध नाही’, असं दिसेल. तिथे शून्य भरलंत तर सरासरी कोसळेल, आणि जागा रिकामी ठेवलीत तरी भागाकार शून्यच येईल. त्यापेक्षा त्या ओळीच काढून टाका.

खरी मेख तारखांत आहे. शनिवार-रविवारच्या ओळीच फाइलमध्ये नसतात. १ मे, २५ आणि २६ डिसेंबर, गुड फ्रायडे, ईस्टर सोमवार यांच्याही नसतात. १ मेला आपल्याकडेही सुट्टी, पण १५ ऑगस्ट कामाच्या वारी आला तर तिथे दर असतो, म्हणून आपलं कॅलेंडर समोर ठेवून ओळी मोजू नका. रविवारच्या बिलाला तंतोतंत जुळणीचं व्हीलुकअप (तारखेवरून दर शोधणारं एक्सेलचं सूत्र) त्रुटीचा शेरा देईल. अंदाजे जुळणी लावा, म्हणजे आधीचा शेवटचा दर उचलला जाईल. त्यासाठी तारखा चढत्या क्रमाने हव्यात आणि फाइल येते नेमकी उलटी, सर्वांत ताजी तारीख वर. क्रम न बदलता सूत्र चालवलंत तर गडबड होते, आणि ती चटकन दिसतही नाही.

आजचा दर सकाळी शोधू नका. तो आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातच्या, हिवाळ्यात साडेआठच्या सुमारास येतो, तोही संध्याकाळी.

सगळं बसलं की एक रविवारची तारीख टाकून पाहा आणि येणारा आकडा आधीच्या शुक्रवारच्या ओळीशी डोळ्यांनी ताडून घ्या.