संशोधनाची बातमी वाचताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातले आमचे शेजारचे काका सकाळीच दारात उभे राहिले. हातात मोबाईल, त्यावर बातमी: अल्झायमरवर औषध सापडलं, आजार २७ टक्के मंदावतो. काकूंचं विसरणं आता पाच-सहा वर्षांचं झालंय. काका म्हणाले, "ताई, तुम्ही इतकी वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलंत. हे खरं आहे का, एवढंच सांगा. खरं असेल तर घर गहाण टाकीन, पण औषध आणीन."

बातमी खोटी नव्हती. तरीही ती जशी वाचली गेली तशी ती काकूंच्या उपयोगाची नव्हती. बडोद्यातल्या आमच्या मराठी घरांतून अशा बातम्या रोज फिरतात, आणि शिकलेली, सुजाण माणसंही त्या वाचताना त्याच त्या ठिकाणी चुकतात. ती ठिकाणं इथे सांगते.

टक्के कशाचे, हे न विचारणं

चहा ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून मूळ शोधनिबंध उघडला. औषधाचं नाव लेकानेमॅब. निबंध २०२२च्या अखेरीस न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. १,७९५ रुग्ण, १८ महिन्यांची चाचणी. स्मरणशक्ती, घरातले व्यवहार, स्वतःचं आवरणं अशा गोष्टी तपासून प्रत्येकाला ० ते १८ गुण द्यायचे. गुण जितके जास्त, तितका आजार पुढे गेलेला. औषध न मिळालेल्या गटाचे गुण या काळात सरासरी १.६६ने वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ने. फरक ०.४५. या ०.४५ला १.६६ने भागलं की २७ टक्के येतात.

काकांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हा भागाकार स्वतः केला. २७ हा आकडा बरोबर, ०.४५ हाही बरोबर. पण १८ गुणांच्या मापावर अर्ध्या गुणाहूनही कमी फरक घरात किती जाणवेल, हा प्रश्न २७ टक्के म्हटल्यावर कुणाच्या मनातच येत नाही. त्याच निबंधात खाली हेही आहे की औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये सूज दिसली. औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण १.७ टक्के होतं.

धोक्याच्या बातमीतही हाच घोटाळा होतो. १९९५ साली ब्रिटनमध्ये जाहीर झालं की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी तिथे गर्भपातांची संख्या वाढली. दुप्पट म्हणजे किती, तर ७,००० बायकांत एकीच्या जागी दोघी. म्हणून "दुप्पट", "निम्मं", "अमुक टक्क्यांनी कमी" असं दिसलं की लगेच विचारा: आधी किती होतं, नंतर किती झालं?

आपण त्या चाचणीत बसतो का, हे न पाहणं

काकांसाठी खरा मुद्दा हा होता. रुग्णांची निवड कशी केली ते प्रत्येक निबंधाच्या पद्धतीच्या भागात लिहिलेलं असतं, आणि बातमीत ते क्वचितच येतं. या चाचणीत आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले लोक घेतले होते. काकूंना आता साडी नेसवून द्यावी लागते, जेवताना शेजारी कुणीतरी बसावं लागतं. काका त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले. मला वाईट वाटलं, पण घर गहाण टाकल्यावर ही ओळ वाचण्यापेक्षा आता वाचलेली बरी. शेवटी त्यांनी न्यूरॉलॉजिस्टला विचारायचे प्रश्न त्याच कागदावर लिहून घेतले: काकूंचा टप्पा नेमका कुठला, या टप्प्यासाठी कशाचा उपयोग सिद्ध झालाय, आणि रात्रीची झोप सुधारण्यासाठी काय करता येईल. तिसरा प्रश्न त्यांना स्वतःलाच सुचला.

उंदरांवरच्या प्रयोगाची बातमी आली तर वेळ घालवू नका. तो पुढच्या कामाचा पाया असतो, आपल्या औषधाच्या डब्याशी त्याचा अजून संबंध नाही.

प्रीप्रिंटला निकाल समजणं

प्रीप्रिंट म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच लेखकांनी सर्वांसमोर ठेवलेला निबंध. भौतिकशास्त्रात ही प्रथा १९९१पासून, आर्काइव्ह हे प्रीप्रिंट ठेवण्याचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हापासून आहे, आणि ती चांगली आहे. चूक होते ती वाचणाऱ्याकडून. जुलै २०२३मध्ये कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक होतो, म्हणजे वीज कसलाही रोध न होता वाहू देतो, असं प्रीप्रिंटमध्ये मांडलं. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला. ऑगस्ट संपण्याआधीच उलगडा झाला की रोध एकदम घटलेला दिसत होता तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. विज्ञानाने आपलं काम चोख केलं, तेही काही आठवड्यांत. पण आमच्या ग्रुपवर जुलैची बातमी आली, ऑगस्टची आलीच नाही.

उपाय सोपा आहे. निबंधाच्या पहिल्या पानावर "प्रीप्रिंट" किंवा "समीक्षा झालेली नाही" असं लिहिलंय का ते बघा. असेल तर बातमी बाजूला ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी तोच विषय पुन्हा शोधा.

एका सांगाड्यावरून सगळा इतिहास

इतिहासाच्या बातम्या आम्हाला जास्त जिव्हाळ्याच्या, म्हणून तिथे जास्त सांभाळायला हवं. सप्टेंबर २०१९मध्ये हरियाणातल्या राखीगढीच्या डीएनएचा निबंध सेल या नियतकालिकात आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्याचे पहिले लेखक, त्यामुळे मराठी घरांत तो अभिमानाने वाचला गेला. ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एका स्त्रीचाच डीएनए वाचता आला. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही, हे लक्षात घेतलं तर एक मिळणं हीच मोठी कामगिरी. तिच्यात युरेशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. लगेच मथळे आले, बाहेरून कुणी आलंच नाही.

त्याच सुमाराला सायन्स या नियतकालिकात दुसरा निबंध आला, ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरचा. त्यात तोच अंश इसवीसनपूर्व २००० ते १५००च्या दरम्यान दक्षिण आशियात आल्याचं म्हटलंय. दोन्ही निबंधांचे काही लेखक एकच आहेत. दोन्हींत विरोध नाही, कारण राखीगढीची ती स्त्री त्याआधीची. भांडण मथळ्यांत होतं, निबंधांत नव्हतं. एकाच विषयावरचे दोन निबंध शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्या. माझ्या मते या लेखातली सर्वांत उपयोगी सवय हीच.

आपल्या गुजरातचंच उदाहरण घ्या. २०२४मध्ये कच्छमधल्या पानंध्रोच्या खाणीत मिळालेल्या २७ मणक्यांवरून वासुकी इंडिकस या प्रचंड सापाचं वर्णन आलं. निबंधात लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर आहे, बऱ्याच मथळ्यांत नुसतं १५. अंदाजाची दोन्ही टोकं लिहिली नसतील तर ती बातमी अर्धीच आहे.

पानाचा खालचा भाग सोडून देणं

बडोद्याच्या माणसाला हे समजवायला मला लांब जावं लागत नाही. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, सात कांडांची. त्यातलं कुठलंही पान उघडा. वर श्लोक, आणि खाली बारीक अक्षरांत पाठभेद: कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द वेगळा, कुठली ओळ नाही, कुठे जास्तीच्या ओळी आहेत. संपादकांची वर्षानुवर्षांची मेहनत त्या बारीक अक्षरांत आहे. "मूळ रामायणात असंच आहे" असं ठामपणे म्हणणाऱ्याने तो खालचा भाग वाचलेला नसतो. वैद्यकाच्या निबंधातही तसाच भाग असतो, शेवटाकडे "मर्यादा" या मथळ्याखाली. लेखक तिथे स्वतःच सांगतात की काय सिद्ध झालेलं नाही. वेळ कमी असेल तर सारांशानंतर थेट तिथे जा.

मागे घेतलेला निबंध वापरणं

लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८चा निबंध १२ मुलांवरचा होता. तो २०१०मध्ये मागे घेतला गेला, तरी आजही नव्या आईच्या मोबाईलवर पोचतो. कधी उशीर याहून मोठा असतो: फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून जगणाऱ्या जिवाणूचा २०१०चा सायन्समधला निबंध २०२५मध्ये मागे घेतला, तोही लेखकांना मान्य नसताना. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत निबंधाचं नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

एआयने दिलेले संदर्भ जसेच्या तसे घेणं

हे खास विद्यार्थ्यांसाठी. पीएचडी करणारी एक मुलगी ४० संदर्भांची यादी घेऊन माझ्याकडे आली. लेखकांची नावं खरी, नियतकालिकं खरी, वर्षंही पटण्यासारखी. आम्ही एकेक डीओआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, टाकून बघत गेलो. सहा निबंध अस्तित्वातच नव्हते. यादी तिने चॅटबॉटकडून सजवून घेतली होती.

अशा वेळी नुसता संदर्भ बदलून चालत नाही. त्या संदर्भावर कुठलं विधान उभं आहे ते आधी शोधा, मग त्या विधानाला दुसरा आधार मिळतो का बघा. भारतातले प्रबंध शोधगंगावर मोफत वाचता येतात. परदेशी नियतकालिकं आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून सरकारी विद्यापीठांत उघडतात, तेव्हा आपल्या ग्रंथालयात जाऊन विचारा. एवढं करूनही निबंध मिळाला नाही तर लेखकाला ईमेल करा. बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात.

त्या मुलीला सहापैकी चार विधानांसाठी खरे आधार सापडले. उरलेली दोन तिने प्रकरणातून काढून टाकली.