शरीराच्या अजब गोष्टी नुसत्या वाचू नका, स्वतःवर करून बघा

शरीराबद्दलचे ‘तुम्हाला हे माहीत आहे का’ टाइपचे मेसेज सतत फिरत असतात आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या असतात. माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो हे साफ खोटं आहे. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जो नकाशा दाखवतात तोही चूक, चिमूटभर मीठ जिभेवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून बघा, चव सगळीकडे कळते. म्हणून मला वाटतं की ज्या गोष्टी स्वतःवर करून बघता येतात तिथून सुरुवात करावी. कागद, पेन, आरसा, एक पेपर क्लिप आणि मोजपट्टी एवढं बास आहे.

पहिला प्रयोग डोळ्याचा, आणि एकच करणार असाल तर हाच करा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे त्याच रेषेत ८ सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा ठळक ठिपका काढा. डावा डोळा हाताने झाका, कागद हात लांब करून धरा आणि उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभर अंतरावर आला की ठिपका चक्क गायब होतो, अजून जवळ आणला की परत दिसतो. नाही जमलं तर बहुतेक नजर ठिपक्याकडे सरकतेय, ठिपका डोळ्याच्या कोपऱ्यातूनच बघायचाय. आता ठिपक्यातून आरपार जाणारी एक आडवी रेघ ओढा आणि परत करा. ठिपका जातो पण रेघ सलग दिसते, मधे भोक वगैरे काही नाही!

होतं काय, की डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस ज्या जागी डोळ्याच्या आतल्या पडद्यातून बाहेर पडते तिथे प्रकाश ओळखणाऱ्या पेशीच नसतात. हाच अंधबिंदू. १६६० च्या दशकात एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो शोधला, म्हणजे तोपर्यंत प्रत्येक माणूस ही आंधळी जागा घेऊन जगत होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दोन डोळ्यांचे अंधबिंदू वेगवेगळ्या जागी पडतात म्हणून एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि एकच डोळा उघडा असला तर मेंदू आजूबाजूचं बघून रिकामी जागा स्वतःच भरतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात नसा पडद्याच्या मागच्या बाजूने निघतात, त्यामुळे त्याला हा अंधबिंदू नाहीच. एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या, दोन्ही डोळे उघडे असताना नजरेतला काही भाग गायब वाटत असेल किंवा सरळ रेघ वाकडी दिसत असेल तर तो वेगळा प्रकार आहे, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांचंच अजून एक. आरशाच्या जवळ उभे राहा आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या, परत डाव्या असं आळीपाळीने बघा. डोळे हलताना तुम्हाला दिसणारच नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते तेवढा वेळ मेंदू ते धूसर चित्र दाबून टाकतो. घड्याळाकडे अचानक बघितलं की सेकंद काटा पहिल्यांदा जरा जास्त वेळ थांबल्यासारखा वाटतो ना, त्याचा संबंधही याच उडीशी आहे.

नाकासाठी फक्त आरसा लागेल. थंड आरसा नाकाखाली आडवा धरून हळूच श्वास सोडा, वाफेचे दोन डाग पडतात, त्यातला एक बहुतेक वेळा मोठा असतो. काही तासांनी परत बघा, पुष्कळदा मोठा डाग दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. नाकाच्या आतलं मऊ आवरण आळीपाळीने एका बाजूला फुगतं आणि दुसऱ्या बाजूला ओसरतं, जर्मन डॉक्टर रिखार्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं होतं. सगळ्यांमध्ये हे सारखं ठळक नसतं, त्यामुळे फरक नाही दिसला तर काळजी करू नका.

स्पर्शाच्या प्रयोगाला दुसरा माणूस पाहिजे. पेपर क्लिप उघडून तिची दोन टोकं एका बाजूला येतील अशी वाकवा. समोरच्याला डोळे मिटायला सांगा, दोन्ही टोकं एकाच क्षणी अगदी हलकी टेकवा आणि ‘एक की दोन?’ विचारा. मधूनमधून मुद्दाम एकच टोक टेकवायचं, नाहीतर समोरचा अंदाजाने दोन दोन म्हणत बसतो. बोटाच्या टोकावर २-३ मिलिमीटर अंतर असलं तरी दोन टोकं वेगळी कळतात, पाठीवर मात्र ४ सेंटीमीटरच्या आसपास अंतर होईपर्यंत दोन्ही मिळून एकच वाटतात. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी हे मोजमाप १८३४ मध्येच मांडलं होतं.

आता पाण्यात बोटं सुरकुततात ते. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून असं होतं असं बहुतेकांना वाटतं, पण बोटाला जाणारी नस तुटलेली असेल तर ते बोट पाण्यात सुरकुतत नाही, हे डॉक्टरांच्या १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. म्हणजे सुरकुत्या मज्जासंस्था पाडते, आतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटाच्या आतला भाग थोडा कमी होतो आणि कातडी आत ओढली जाते. कोमट पाण्यात हात बुडवून बघा, सुरकुत्या तळव्याकडच्या बाजूला येतील, हाताच्या मागच्या बाजूला नाही. उपयोग काय यावर मात्र वाद आहे. २०१३ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलता आल्या, पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात तसा फायदा दिसला नाही.

अंगठा करंगळीला टेकवून मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक टेंडन, म्हणजे स्नायूच्या टोकाची दोरीसारखी पट्टी, वर उठलेला दिसतो का? साधारण सातातल्या एका माणसाला तो नसतोच, आणि हाताच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही, म्हणूनच दुसरीकडचा टेंडन दुरुस्त करायला सर्जन बऱ्याचदा हाच काढून वापरतात.

दाराच्या चौकटीत उभे राहून दोन्ही हातांची मागची बाजू चौकटीवर मिनिटभर जोरात दाबा, मग बाहेर येऊन हात सैल सोडा, ते आपोआप वर जायला लागतात. खांदा दुखत असेल तर हे राहू द्या.

शेवटचा प्रयोग उंचीचा, याला पूर्ण दिवस लागतो. सकाळी उठल्या उठल्या, हो अगदी लगेच, भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभे राहा, डोक्यावर पुस्तक सपाट ठेवून कुणालातरी पेन्सिलने खूण करायला सांगा. रात्री झोपायच्या आधी त्याच जागी परत खूण करा. रात्रीची खूण साधारण एक-दीड सेंटीमीटर खाली येते. मणक्यांच्या मधल्या चकत्यांमधून दिवसभराच्या वजनाने पाणी बाहेर पडतं आणि झोपेत ते परत भरतं. अंतराळात हे वजनच नसल्यामुळे अंतराळवीरांची उंची ५ सेंटीमीटरपर्यंत वाढते, पृथ्वीवर आले की पूर्ववत. दिवसभरात उंचीत होणारी बरीचशी घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते, तोंड धुऊन, चहा पिऊन मग मोजलं तर फरक हातातून गेलेला असतो. मुलांच्या उंचीची नोंद ठेवत असाल तर दर वेळी दिवसाच्या एकाच वेळेला मोजा, नाहीतर सकाळ-संध्याकाळचा फरकच वाढ म्हणून लिहिला जाईल.